मदत हवी आहे: डोलीत लपलेल्या पाच जणांचा स्किल चेक कसा घ्यावा? (डी अँड डी, पाचवी आवृत्ती)

राम राम मंडळी,

भुसावळला आमचा पाच खेळाडूंचा गट आहे, मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिकांच्या खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, सगळे तिसऱ्या लेव्हलला. मोहीम आपल्याच भागात लावली आहे: खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या उदयाचा काळ, थाळनेर, लळिंग, तापीचे उतार, सातपुड्यातल्या वाटा. आमच्या खेळात असीरगड किल्ला अजून त्याचा धनी आसा अहिराकडे आहे आणि पार्टी (खेळाडूंची टोळी) फारुकी नासिर खानाच्या बाजूने. नासिर खानाने डोल्यांतून शिपाई पाठवून गड घेतल्याची गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असते, खेळाडूंनाही आहे. त्यामुळे त्यांनी सरळ तोच बेत ठरवला: डोल्यांत बसायचं, आत बायामाणसं आहेत म्हणून सांगायचं आणि दरवाजातून आत शिरायचं.

हा प्रसंग येत्या रविवारी आहे आणि तो फाशांच्या हिशेबात वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं.

नियम माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात क्षमतेचा (ताकद, चपळाई वगैरे) मॉडिफायर, म्हणजे अधिक-उणे आकडा, मिळवायचा, त्या स्किलमध्ये (कौशल्यात) प्रोफिशियन्सी, म्हणजे तरबेजपणा, असेल तर तिचा बोनस (तिसऱ्या लेव्हलला +२) मिळवायचा. बेरीज डीएमने ठरवलेल्या डीसीइतकी (काम किती अवघड त्याचा आकडा) किंवा जास्त आली की जमलं. सोप्या कामाला डीसी १०, मध्यमला १५, अवघडला २०. इथपर्यंत काही अडचण नाही.

अडचण पाच जण एकदम आले की सुरू होते. पहारेकरी डोल्यांजवळून फिरणार, म्हणजे आतल्या प्रत्येकाला स्टेल्थ (आवाज न करता लपून राहण्याचा चेक). प्रत्येकाची शक्यता ७० टक्के धरली तरी पाचही जण पास होण्याची शक्यता जेमतेम १७ टक्के उरते. त्यात आमच्या पॅलाडिनच्या (धर्मयोद्ध्याच्या) अंगात चेन मेल (लोखंडी कड्यांचं चिलखत), म्हणजे स्टेल्थला डिसअ‍ॅडव्हांटेज. दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा. मॉडिफायर शून्य, पहारेकऱ्याचं पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता सहज लक्ष जाण्याचा आकडा) १२. त्याची एकट्याची शक्यता २० टक्क्यांच्या आसपास. बेत चांगला असून तो जवळपास हमखास फसणार, हे मला पटत नाही.

उलट बाजूही तितकीच खटकते. चोरवाट शोधायची म्हटली की पाचही जण फासा उचलतात. प्रत्येकी ३० टक्के असली तरी एकाला तरी सापडण्याची शक्यता ८३ टक्के होते. मग डीसी २० ठेवण्याला अर्थ काय?

तिसरं म्हणजे, वीस पडले की काहीही जमलंच पाहिजे असा एका खेळाडूचा आग्रह असतो. तुम्ही काय करता?

प्रतिसाद

पाच डोल्या म्हणून पाच वेगळे निकाल, असं करूच नका. नियमात ग्रुप चेक आहे: सगळे फासा टाकतात, निम्मे किंवा जास्त पास झाले की सगळी टोळी पास. तुमच्याच ७० टक्क्यांनी पाचात किमान तिघे पास होण्याची शक्यता ८४ टक्के येते. १७ आणि ८४, फासे तेच.

मात्र पास झालेल्याने नापास झालेल्याला सावरलं कसं, हे खेळात दिसायला हवं. पॅलाडिनच्या कड्या वाजल्या, तेवढ्यात शेजारच्या डोलीतल्या बार्डने (गाणाऱ्या पात्राने) हातातल्या बांगड्या खळखळवल्या. हे खेळाडूलाच सांगू द्या, टेबलावर खरी मजा तिथेच येते. चेन मेल काढून गादीखाली ठेवायची असेल तर परवानगी द्या. डिसअ‍ॅडव्हांटेज जाईल, पण ती परत चढवायला १० मिनिटं लागतात, आणि आत तलवारी निघाल्यावर १० मिनिटं कोण देतो?

दरवाजावर बोलणारा एकच. तिथे डिसेप्शन (थाप मारणं) विरुद्ध पहारेकऱ्याचं इनसाइट (समोरच्याचं मन ओळखणं). साध्या पहारेकऱ्याचं विस्डम ११, म्हणजे मॉडिफायर शून्य. पॅसिव्ह इनसाइट १० धरलं आणि बोलणाऱ्याचं डिसेप्शन +५ असेल, तर शक्यता ८० टक्के. आणि मूळ गोष्ट आठवा. पहिल्या दिवशी खऱ्या बायकांच्या डोल्या गेल्या, आसाच्या घरच्यांनी त्यांची भेट घेतली, हत्यारबंद शिपाई मागून आले. तुमच्या पार्टीने अशी तयारी केली तर डीसीला हात लावू नका, दोन फासे टाकून मोठा आकडा घेऊ द्या, म्हणजे अ‍ॅडव्हांटेज द्या. विश्वास आधी कमावला तर त्याचा फायदा फाशाला दिसला पाहिजे.

चोरवाटेसाठी: एकाने शोधायचं, दुसऱ्याने मदत करायची, शोधणाऱ्याला अ‍ॅडव्हांटेज. तुमच्या ३० टक्क्यांचे ५१ होतात. आणि घाई नसेल, कोणी येण्याची भीती नसेल, तर फासाच नको. दहापट वेळ घेतला आणि सापडलं, पुढे चला.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. विसाचं उत्तर: आपोआप यश फक्त हल्ल्याच्या फाशाला आहे, स्किल चेकला नाही. डीसी २५ आणि मॉडिफायर -१ असेल तर वीस पडूनही १९च. पण जिथे वीस पडूनही जमणार नाही, तिथे फासा टाकायलाच सांगू नये. सांगितलात तर खेळाडूचा राग रास्त आहे.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की नापास झाल्यावर काय होणार, ते फासा पडायच्या आधी ठरवून ठेवा. "पकडले गेलात, लढा" एवढं एकच उत्तर असेल तर ८० टक्केसुद्धा कमी वाटतात. डीएमच्या पुस्तकात ऐच्छिक नियम आहे: एक-दोनने चुकलं तर काम होऊ द्या, पण किंमत घ्या. पहारेकरी "डोलीमा कोन शे?" म्हणत थांबवतो, दोनच डोल्या आत सोडतो, बाकीच्या उन्हात ठेवतो. किंवा आतून एखादी दासी बोलावतो, पडदा उघडून बघायला. आता त्या दासीला डोलीतल्या माणसाने काय सांगायचं? हा नवा प्रसंग तुम्हाला फुकट मिळाला. पाच किंवा जास्तने चुकलं तर मात्र नगारा वाजू द्या.

धागाकर्ता

दोघांचेही खूप आभार. दासीचा प्रसंग घेतोच, आणि तिच्यासाठी डिसेप्शनऐवजी परसुएशनही (मन वळवणं) चालेल असं ठेवतो, कारण तिला खरं सांगून फितवण्याचा प्रयत्न कोणीतरी करेलच. खऱ्या डोल्या आधी पाठवायचं मी सुचवणार नाही, त्यांना सुचलं तर अ‍ॅडव्हांटेज नक्की. एक शेवटचं: डीसीचा आकडा आधी सांगावा का?

प्रतिसाद

चढण, दोर, कुलूप असं डोळ्यांना दिसतं तिथे सांगा, खेळाडूला जोखीम तोलता येते. समोरच्याच्या मनात काय आहे तिथे सांगू नका. पहारेकऱ्याचं इनसाइट पडद्याआड राहू द्या, फक्त तो डोलीकडे कसा बघतोय ते नीट वर्णन करा.