आयएनआर वाढला म्हणजे गुठळीची भीती गेली, असं नाही

म्हापशाच्या ताई, तुम्ही लिहिलंय की वडिलांना सिरोसिस (यकृत कडक होण्याचा आजार) आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) वाढलाय, म्हणजे रक्त आपोआपच पातळ झालं आणि गुठळी व्हायची नाही. कृपा करून असं धरून चालू नका. फोंड्याच्या माझ्या मामांच्या बाबतीत आम्हीही हेच समजलो होतो, आणि सोनोग्राफीत पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त नेणाऱ्या शिरेत, गुठळी निघाली.

यकृत रक्त गोठवणारे घटक बनवतं, तसंच गोठणं आवरणारं प्रोटीन सी देखील. आजारात दोन्ही घटतात. आयएनआरला त्यातली पहिलीच बाजू दिसते. हिमोग्लोबिन उतरल्यामुळे रक्ताचा दाटपणा कमी होतो हे खरं, पण पुढे यकृतच कडक झालेलं, त्यामुळे पोर्टल व्हेनमधला प्रवाह मंदावतो. मामांच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) पाटाच्या तोंडाशी पाला अडकला की पाणी बाजूच्या वाफ्यात घुसतं. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात त्या अशाच.

पुढे मामांचं यकृत प्रत्यारोपण झालं. त्यानंतर आयएनआर काही दिवसांत उतरला, प्लेटलेट्स (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) वाढायला मात्र वेळ लागला. खरी काळजी हेपॅटिक आर्टरीत, म्हणजे यकृताला रक्त पुरवणाऱ्या धमनीत, गुठळी होण्याची, कारण नव्या यकृताच्या पित्तनलिका तिच्याच रक्तावर जगतात. म्हणून सुरुवातीला रोज डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. मशीनमधून तो 'हुश्श, हुश्श' आवाज आला की मामी पदर तोंडाला लावून रडायची.

वडिलांच्या पुढच्या सोनोग्राफीला पोर्टल व्हेनचं डॉप्लर करायचं का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. रक्त पातळ करायची गोळी मात्र स्वतःहून सुरू करू नका. त्याआधी एंडोस्कोपीत (तोंडातून दुर्बीण घालून) अन्ननलिकेतल्या त्या फुगलेल्या शिरा बघाव्या लागतात.