प्रौढ वर्गात आता मोबाइलही. स्वयंसेवकांची तयारी कशी करून घ्यायची?

प्रश्न (इंदूर): 'उल्लास'च्या (केंद्र सरकारची प्रौढ साक्षरता योजना) वर्गाला येणाऱ्या बायकांना अक्षरांआधी यूपीआय शिकायचंय. शिकवणारी कॉलेजची मुलं, मानधन नाही. तयारीत काय घ्यावं?

उत्तर १: मोबाइल घ्या, पण आकड्यांच्या वाटेने. ५०० आणि ५००० यांतला फरक वाचता येत नसेल तर यूपीआय धोक्याचंच. वहीत मोबाइलच्या स्क्रीनचं चित्र काढून घ्या. आधी समोरच्याचं नाव मोठ्याने वाचायचं, मग रक्कम, मगच पिन. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे रोज घोकून घ्या. सराव १ रुपयाने, ज्याच्या-त्याच्या फोनवर. मुलं घाईत फोन स्वतःच्या हातात घेतात आणि सगळं तिथेच फसतं.

उत्तर २: बरोबर, पण 'उल्लास'ची परीक्षा विसरू नका: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. लेखन मागे पडतं, कारण हात वळलेला नसतो. पेन गच्च धरतात, लगेच बोटं दुखतात. जाड पेन्सिल, दुरेघी वही द्या. चाळिशीनंतर 'अक्षर लागत नाही' म्हणणाऱ्या बाईंना आधी चष्मा लागलाय का ते बघा!

प्रश्नकर्ता: आणि मुलं टिकवायची कशी? कॉलेजच्या परीक्षा आल्या की गायब.

उत्तर १: एका वर्गावर दोघं ठेवा. पंधरवड्याला तासभर बसा, अडलेल्या एकाच धड्यावर. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ ढकलणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. रिचार्जचे पैसे मात्र संस्थेने द्यावेत, मुलांच्या खिशातून नको.