फीडरवरच्या फिंचला डोळे आलेत, काय करू?

परसदार (व्हर्जिनिया):
काल फीडरवर, म्हणजे पाखरांसाठी दाणे भरून टांगलेल्या नळीवर, एक हाऊस फिंच आला, चिमणीएवढा पक्षी. उजवा डोळा चिपडाने पार बंद. बाकीची पाखरं भुर्रकन उडाली, हा बसूनच. आई सध्या इकडे आली आहे, बघताक्षणी म्हणाली, "अगं, याला डोळे आलेत!" पकडून औषध घालू का? आणि असे रोग काळाबरोबर मवाळ होतात ना?

पिसारा:
आईंनी अचूक ओळखलं. पकडू मात्र नका, तिथे परवाना लागतो. फीडर आजच उतरवा. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, मग खडखडीत वाळवा. दाणे टिपताना डोळा फीडरच्या भोकाच्या कडेला घासतो, जंतू तिथेच राहतो.

मवाळ होण्याचं म्हणाल, तर शिकत असताना मलाही तसंच वाटायचं. हा जंतू मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम, मूळचा कोंबड्यांचा. 1994 च्या सुरुवातीला वॉशिंग्टन डी.सी.च्या आसपास तो फिंचमध्ये दिसला. सुरुवात ठाऊक आणि पुढच्या वर्षांचे जंतू फ्रीझरमध्ये जपलेले, असा योग रानातल्या रोगात क्वचितच येतो. मग अॅलाबामाचे, बारा वर्षं हा रोग सोसलेले फिंच आणि अॅरिझोनाचे, तो कधीच न पाहिलेले फिंच, दोघांना संशोधकांनी एकच जंतू दिला. अॅलाबामाच्या पक्ष्यांनी तो जास्त चांगला आवरला. इतक्या थोड्या पिढ्यांत! हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण जंतूही बदलला, आणि तो जहाल होत गेला. एकदा बरा झालेल्या पक्ष्याची प्रतिकारशक्ती अर्धीमुर्धीच असते. मवाळ जंतूला ती पुरते, जहाल जंतू तिच्यावरही मात करतो. म्हणजे बऱ्या झालेल्या पक्ष्यांमुळेच जहाल जंतूचं फावतं.

खुराडं (नाशिक):
अहो, हा तर आमचा सीआरडी, कोंबड्यांचा जुनाट श्वसनरोग! कोंबड्यांना घरघर लागते, नाक वाहतं, अंडी घटतात. अंड्यातून पिल्लातही उतरतो. फिंचकडून परत कोंबड्यांत येईल का?

पिसारा:
प्रयोगात फिंचमधल्या जंतूने कोंबड्या फारशा आजारी पडल्या नाहीत. तरी शेडला जाळी हवीच.

परसदार:
फीडर उतरवला. सकाळी तो खांबाखाली सांडलेले दाणे टिपत होता, मान वाकडी करून, डाव्या डोळ्याने बघत. आई खिडकीतून हलली नाही.

पिसारा:
खालचे दाणेही झाडून टाका. बाकीचे पक्षी तिथेच उतरतील.