मदत हवी आहे: घर न्यू जर्सीत, ऑफिस न्यूयॉर्कला, टॅक्सचं कसं करायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही एडिसनला राहतो, ऑफिस मॅनहॅटनला, गेल्या वर्षी आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम केलं तरी डब्ल्यू-२ वर (कंपनी देते तो वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा फॉर्म) सगळा पगार न्यूयॉर्कचाच दाखवलाय. आधी पेनसिल्व्हेनियात नोकरी होती तेव्हा दोन्ही राज्यांचा करार असल्याने पगारावर फक्त न्यू जर्सीचा टॅक्स, डोक्याला ताप नव्हता. आता आधी न्यूयॉर्कचा आयटी-२०३ (त्या राज्याबाहेर राहणाऱ्यांचा टॅक्स रिटर्न) करायचा, मग एनजे-१०४० मध्ये (न्यू जर्सीचा रिटर्न) क्रेडिट, म्हणजे न्यूयॉर्कला भरलेल्या टॅक्सची सूट, घ्यायचं एवढं कळलं. पण स्वतःच्या सोयीने घरून काम केलं तर तेही दिवस न्यूयॉर्कचेच धरतात म्हणे, मग त्या दिवसांचंही क्रेडिट न्यू जर्सी देते का? कोणी स्वतः भरलंय का असं? प्लीज सांगा, रिटर्न भरायची शेवटची तारीख, १५ एप्रिल, जवळ आलीय आणि खरंच टेन्शन आलंय.