मदत हवी आहे : आयोवाची मक्याची निर्यात नक्की कुठे धरतात?

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, आयोवा राज्यात एम्सला राहतो. लेकीला शाळेत 'आपल्या राज्याची निर्यात' असा प्रकल्प आहे आणि बापाची झोप उडाली आहे.

मका, डुकरं, अंडी, इथेनॉल, सगळ्यांत आयोवा देशात पहिला. माणसं 32 लाख आणि डुकरं माणशी सात! निम्म्याहून जास्त मका इथेनॉलला जातो, हेही तिला समजलं. गाडी अडली ती निर्यातीपाशी. राज्यवार निर्यातीचे जनगणना खात्याचे आणि कृषी खात्याचे आकडे जुळतच नाहीत. जनगणना खात्याच्या आकड्यांत धान्याच्या निर्यातीत लुइझियाना राज्य पुढे. तिथे एवढा मका पिकतो कुठे?

मागच्या शरद ऋतूत डुब्यूकला मिसिसिपी नदीच्या काठावर बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) भरताना पाहिली होती. नळीतून मका धो धो पडत होता, पिवळी धूळ थेट गाडीच्या काचेवर. एका बार्जमध्ये साधारण 1500 टन मावतो म्हणे. तो माल खाली लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्सकडे जातो, तिथे जहाजात चढतो. माझा अंदाज असा, की जनगणना खात्याच्या हिशेबात जिथे माल एकत्र होतो त्या राज्याच्या नावावर निर्यात लागते, आणि कृषी खातं शेतीउत्पन्नातल्या वाट्यावरून हिशेब लावतं. बरोबर आहे का?

कुणी धान्यव्यापारात किंवा कृषी अर्थशास्त्रात असेल तर सांगा, पोरीने कोणता आकडा घ्यावा? इथल्याच वॉटर्लू शहरात बनणारे ट्रॅक्टरही त्यात धरायचे का? शुक्रवारी तक्ता द्यायचा आहे.