गुडघ्यावर ठोका बसल्यावर मांडीमागचा स्नायू आड का येत नाही?

शिकवणीवाली:
दहावीच्या मुलांना प्रतिक्षिप्त क्रिया शिकवताना मी नेहमीची आकृती काढते: गुडघ्याच्या वाटीखाली ठोका, संवेदी चेतापेशी, मज्जारज्जू, प्रेरक चेतापेशी, आणि पाय पुढे उडतो. परवा एका मुलीने विचारले की पाय पुढे उडताना मांडीमागचा स्नायूही ताणला जातो, तर त्याच नियमाने तोही आखडून पाय मागे का ओढत नाही? मला उत्तर देता आले नाही.

मज्जारज्जू:
मुलीची शंका अगदी रास्त आहे. आकृतीत एक फांदी राहून गेली आहे. पुढच्या स्नायूतील ताण टिपणारा तंतू कमरेच्या भागातील मज्जारज्जूत शिरल्यावर त्याला शाखा फुटतात. एक शाखा त्याच स्नायूच्या प्रेरक पेशींना थेट उद्दीपित करते, तर दुसरी एका लहानशा मधल्या चेतापेशीला जागे करते, आणि ही मधली पेशी ग्लायसिन सोडून मागच्या स्नायूच्या प्रेरक पेशींना त्या क्षणापुरते गप्प बसवते. विरोधी स्नायू असा एकाच वेळी सैल पडतो, हे चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक एडगर एड्रियन यांच्यासह मिळाले.

शिकवणीवाली:
आभारी आहे. पण मध्ये ही पेशी कशाला? त्या तंतूनेच मागच्या पेशींना थेट का रोखू नये?

वैद्यकाचा विद्यार्थी:
कारण तो तंतू आपल्या सगळ्या टोकांतून ग्लुटामेटच सोडतो, आणि त्याने प्रेरक पेशी उद्दीपितच होतात. संदेश उलटवायचा तर दुसरी पेशी हवी. शिवाय तिच्यावर मेंदूकडून येणारे तंतूही जोडलेले असल्यामुळे, गुडघा ताठ धरायचा असतो तेव्हा मेंदू हा अवरोध कमी करून दोन्ही स्नायू एकदम आखडू देऊ शकतो.
हा अवरोध नाहीसा झाला तर काय होते, ते धनुर्वात या नावातच आले आहे. जखमेतील जंतूंचे विष प्रेरक तंतूंतून मज्जारज्जूत पोहोचते, तेथे अवरोधक पेशींचे रसायन बाहेर पडू देत नाही, आणि परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आखडून, पाठीचे अधिक बलवान असल्यामुळे, शरीर धनुष्यासारखे वाकते. काजऱ्याच्या बियांतील स्ट्रिक्नीन ग्लायसिनची ग्राहके अडवते. वाट निराळी, पण झटके बरेचसे तसेच.

मज्जारज्जू:
एक पुरवणी. आकृतीत आपण प्रत्येक जागी एकच पेशी काढतो, ती सोय आहे. मांजराच्या पोटरीच्या एका स्नायूला सुमारे ३०० प्रेरक पेशी असतात आणि त्या स्नायूतून येणारा असा एकेक तंतू त्यांपैकी जवळजवळ सर्वांना जोडलेला असतो. एका तंतूचा धक्का एखाद्या पेशीला पेटवण्यास फारच तोकडा पडतो. ठोक्याने असे अनेक तंतू एकदम जागे होतात, म्हणूनच पाय उडतो. आपण स्वतः हळूहळू गुडघा वाकवला तर तो उडत नाही, हे वर्गात लगेच करून दाखवता येईल.