बांधावरचा सिल्व्हर ओक: काढावा की ठेवावा?

शिवारकर:
पन्हाळ्याच्या बाजूला आमचे उसाचे रान आहे. त्याच्या बांधावर वडिलांनी २० वर्षांपूर्वी सिल्व्हर ओकची १२ झाडे लावली होती. यंदाच्या वळवात त्यांतील एकाची जाड फांदी मोडून मोटारीच्या खोलीवर पडली आणि तेव्हापासून घरात ‘सगळी काढून टाका’ असा धोशा सुरू आहे. लाकूड चौकटींना चालेल का, आणि झाडे ठेवल्यास दुसरा काही उपयोग होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रंधा:
नावात ओक असला तरी खऱ्या ओकशी या झाडाचे नाते नाही. गाभ्याकडून सालीकडे चिरलेल्या फळीवर रंधा मारला की रेशमासारखी चमकती नक्षी उमटते. म्हणून ऑस्ट्रेलियात त्याला सिल्की ओक म्हणतात आणि तेथे एके काळी फर्निचर व खिडक्यांच्या चौकटी यांसाठी त्याला मोठी मागणी होती. तरीही त्याला सागवानाच्या पंगतीला बसवू नये. आतली दारे, कपाटे यांना ते चालेल, मात्र जमिनीत पुरायच्या खांबांना नको. भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटून पुरळ येते, तेव्हा कापताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा.

रानवाट:
हे झाड मूळचे दक्षिण क्वीन्सलंड आणि उत्तर न्यू साउथ वेल्समधील किनारपट्टीच्या वर्षावनांतले. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८३० साली त्याचे ‘ग्रेव्हिलिया रोबस्टा’ हे नाव प्रसिद्ध केले. त्याची दाट, झुपकेदार मुळे निकस जमिनीतूनही अन्न ओढतात, त्यामुळे ते झपाट्याने वाढते. पण फांद्या ठिसूळ असल्याने घराजवळ वा खोलीजवळ ते लावूच नये, हे माझे स्पष्ट मत आहे. नारिंगी फुलांचा फणीसारखा तुरा तळहातावर झटकला तर मधाचे थेंब पडतात. ऑस्ट्रेलियातील आदिवासी हा मध चाखत आले आहेत, आणि मधमाश्यांनाही तो प्रिय असतो. कोडगूतील कॉफीच्या मळ्यांत याच झाडांची सावली धरतात आणि त्यांच्या सरळ खोडांवर मिरीचे वेल चढवतात. तुमच्याकडे पाटाचे पाणी बांधापर्यंत पोहोचत असेल, तर दोन खोडांवर मिरी लावून पाहायला हरकत नाही.

शिवारकर:
आभारी आहे. परवानगीची चौकशी करून खोलीलगतची तीन झाडे काढतो. उरलेल्या नवांपैकी दोन पाटाच्या अगदी कडेला आहेत, तेथे या पावसाळ्यात मिरीची रोपे लावीन.